पेल्याखालच्या पुठ्ठ्यावरचा ठराव

१/ १९८८. जर्मनीतील न्युर्नबर्गचा खेळणी मेळा. बैठ्या खेळांच्या १३ रचनाकारांनी बिअरच्या पेल्याखालील पुठ्ठ्यावर एक ठराव लिहून सह्या केल्या : खोक्यावर ठळकपणे नाव छापणार नसेल, त्या प्रकाशकाला खेळ द्यायचा नाही.

२/ पुढाकार राइनहोल्ड व्हिटिग यांचा. ते स्वतः खेळ रचत आणि ‘एडिशन पेर्लहून’ ही छोटी प्रकाशनसंस्थाही चालवत. व्यवहाराच्या दोन्ही बाजू त्यांना ठाऊक होत्या.

३/ मागणी नावाची होती, मोबदल्याची नव्हे. परंतु निनावी रचनाकाराच्या जागी दुसरा सहज आणता येतो. ज्याचे नाव पाहून ग्राहक खेळ घेतो, त्याच्याशी वाटाघाटी कराव्याच लागतात.

४/ १९९१ मध्ये रचनाकारांची संघटना उभी राहिली. खोक्यावरचे चित्र काढणाऱ्याला मात्र रॉयल्टीऐवजी आजही बहुधा एकरकमी मानधनच मिळते.