लाल शाई आणि खाचांची काठी

आमचं इंग्रजी तर्खडकरांच्या पाठमालेवर पोसलेलं. सुटा शब्द कळतो. घात होतो तो चार ओळखीचे शब्द एकत्र आले की.

बँकेत लागून आठच दिवस झाले होते. एका गृहस्थांचा चेक घेऊन साहेबांकडे गेलो. मान वर न करता ते म्हणाले, "दॅट अकाउंट इज इन द रेड." रेड म्हणजे लाल, एवढं बी. कॉम. माणसाला कळणारच! मी लाल पुठ्ठ्याचं लेजर काढलं. खातं नेमकं त्यातच निघालं. साहेबांच्या स्मरणशक्तीला मनोमन नमस्कार केला आणि चेक पास केला! संध्याकाळी उलगडा झाला. जुने कारकून उणे शिल्लक लाल शाईनं लिहीत. म्हणजे खात्यात खडखडाट. पुढे आठवडाभर वसुलीसाठी त्या गृहस्थांची पायरी मी झिजवली. तरी बरं, आपल्या 'बुडीत' खात्यात पाण्याचा थेंब नसतो, हे एखाद्या इंग्रजाला तरी कुठं ठाऊक असतं?

तेव्हापासून कानाला खडा. शब्दाचा नुसता अर्थ नाही, कूळही विचारायचं. पहिला धरला तो आमचा रोजचा 'टॅली'. हिशेब टॅली होत नाही, साक्षीदाराची हकिगतसुद्धा टॅली होत नाही. हा टॅली मुळात निघाला लाकडाचा! बाराव्या शतकापासून इंग्लंडच्या राजखजिन्यात पावती म्हणून काठी देत. तिच्यावर खाचा पाडायच्या : हजार पौंडांना तळहाताएवढी, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून एकेक तुकडा दोघांनी ठेवायचा. हिशेबाच्या वेळी दोन्ही तुकडे जुळले, की झालं टॅली. खोटेपणा करायचा तर दुसऱ्याच्या घरातली काठीही कोरावी लागणार!

ही पद्धत १८२६ पर्यंत टिकली. उरलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी पार्लमेंटच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. भट्ट्या इतक्या तापल्या, की आग भडकून दोन्ही सभागृहं खाक झाली. जुनं रेकॉर्ड नष्ट करण्याचा एवढा उत्साह आमच्या खात्यातही कुणी दाखवलेला नाही.

परवा एका नव्या मुलानं दबकत विचारलं, "सर, इन द रेड म्हणजे?"

मी पेन खाली ठेवलं, मान वर केली आणि म्हटलं, "बस. आधी चहा घे. चेक पास नाही ना केलास?"