आरोपीचा वकील

पिंप्राळा हे जळगाव शहरास लागून असलेले आणि आता त्या शहराच्या महापालिकेच्या हद्दीत सामावून गेलेले गाव. आषाढी एकादशीस तेथे रथ निघतो आणि पंचक्रोशीतील माणसे त्या दिवशी तेथे लोटतात. समजा, अशाच एखाद्या गर्दीत मारामारी झाली, एकाचे डोके फुटले आणि पोलिसांनी कोणा शेतमजुरास धरून नेले. दुसऱ्या दिवशी पारावर जे बोलणे होईल ते कोणत्याही गावचा मनुष्य आगाऊ सांगू शकेल. धरला त्या अर्थी त्यानेच केले असणार, असे एक म्हणेल. आणि त्याचे वकीलपत्र कोणी घेतलेच, तर पैशासाठी हा गुन्हेगारास पाठीशी घालतो, असे दुसरा म्हणेल. फौजदारी कायद्यास यांपैकी एकही गोष्ट मान्य नाही. मात्र त्याची ही अमान्यता एका दिवसात सिद्ध झालेली नसून तिच्यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्याचा बराचसा भाग महाराष्ट्रातच घडलेला आहे.

पेशवाईत 'वकील' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा होता, पण त्याचा अर्थ निराळा होता. एका दरबाराचा दुसऱ्या दरबारात राहणारा प्रतिनिधी तो वकील. दिल्लीस पेशव्यांची वकिली करणारे हिंगणे घराणे प्रसिद्धच आहे. चोरीच्या किंवा खुनाच्या आळात सापडलेल्या माणसाच्या वतीने बोलणारा धंदेवाईक मनुष्य त्या न्यायपद्धतीत नव्हता. पंच असत, गोतसभा असे, साक्षीपुरावा असे. आणि पुराव्याने उलगडा न झाला तर दिव्य असे. कढत तेला-तुपातून धातूचा तुकडा काढून दाखवावयाचा आणि हाताला इजा झाली की नाही यावरून खरेखोटे ठरवावयाचे, ही रीत कागदपत्रांत जागोजागी आढळते. त्या काळचे न्यायाधीश अन्यायी होते असे म्हणणे रास्त होणार नाही; रामशास्त्र्यांचे नाव लोकांच्या तोंडी आजही आहे. परंतु आरोपीचे रक्षण हे न्यायाधीशाच्या सचोटीवर अवलंबून होते, आरोपीच्या हक्कावर नव्हे.

सन १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यास आपले ठाणे केले. पुढे १८२७ मध्ये एल्फिन्स्टन साहेबांच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र छापले गेले. त्यांतील चौदावा कायदा गुन्हे आणि शिक्षा यांसंबंधीचा होता. मेकॉलेने मसुदा केलेली भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. कोणते कृत्य गुन्हा आणि त्यास शिक्षा किती, हे आता सर्वांस सारखे ठरले. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने आणखी एक मोठी गोष्ट केली. पोलिस अंमलदारापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असे त्याच्या पंचविसाव्या कलमाने सांगितले. चौकीत माणूस काय कबूल करतो आणि का करतो, याची कायदा करणाऱ्यांस चांगली कल्पना होती, असेच म्हणावे लागते.

यानंतर आला १८९८ चा फौजदारी कामकाजाचा कायदा. आरोपीस वकिलामार्फत आपला बचाव हक्काने करता येईल, असे त्याच्या ३४० व्या कलमात होते. 'हक्काने' हा शब्द महत्त्वाचा. परंतु वकील आणावयाचा कोठून आणि त्यास द्यावयाचे काय, याविषयी कलम मौन पाळते. मुंबईच्या हायकोर्टात तर सॉलिसिटराने कागद तयार करावे आणि बॅरिस्टराने कोर्टापुढे बोलावे असा दुहेरी खर्च असे. मुफसलात, म्हणजे धुळे-जळगावसारख्या ठिकाणी, एकच वकील दोन्ही कामे करी, तरी त्याची फी शेतमजुराच्या आवाक्यातील नव्हतीच. दार उघडे होते, पण उंबरठा फार उंच होता.

वकील मिळाल्याने व न मिळाल्याने काय होते, याचे धडे त्याच काळी लोकमान्य टिळकांच्या खटल्यांनी साऱ्या देशास दिले. १८९७ च्या जुलैमध्ये टिळकांस राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. सुरुवातीस जामीन नाकारला गेला. पुढे बॅरिस्टर दिनशा दावर यांनी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे अर्ज चालविला आणि तो मंजूर झाला. जामिनाचे महत्त्व येथे कळते. कोठडीतील आरोपीस साक्षीदार शोधता येत नाहीत, कागद जमविता येत नाहीत, वकिलाशी निवांत बोलता येत नाही. खटल्यासाठी कलकत्त्याहून बॅरिस्टर पग आणि गार्थ आले. 'अप्रीती' म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीस सांगितला. सहा युरोपियनांनी दोषी आणि तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष असे मत दिले. अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळक पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा न्यायासनावर बसले होते तेच दावर. या वेळी जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जीना यांनी केला, आणि एके काळी टिळकांसाठी जामीन मागणाऱ्या दावरांनी तो नामंजूर केला. टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. सातांविरुद्ध दोन अशा मतांनी ज्यूरीने त्यांस दोषी ठरविले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढे १९१६ मध्ये टिळकांच्या भाषणांवरून वीस हजार रुपयांचा जातमुचलका मागण्यात आला, तेव्हा जीनांनी हायकोर्टात काम चालविले आणि तो हुकूम रद्द करून घेतला. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर होते आणि त्यांच्यामागे पैसा उभा करणारे लोक होते. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही त्याचे काय, हा प्रश्न मात्र तसाच पडून राहिला.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने अटकेनंतर चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे नेले जाण्याचा आणि पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला. १९७३ च्या नव्या संहितेने सेशन्सच्या खटल्यात निर्धन आरोपीस सरकारी खर्चाने वकील देणे कोर्टावर बंधनकारक केले. तरीही खरा फरक पडला तो १९७८ मध्ये, आणि तो महाराष्ट्रातील एका सामान्य खटल्यामुळे. होस्कोट नावाच्या एका प्राध्यापकास विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाबद्दल सेशन्स कोर्टाने नाममात्र शिक्षा दिली होती. हायकोर्टाने ती वाढवून तीन वर्षे केली. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात येण्यास त्यास चार वर्षांहून अधिक उशीर झाला. कारण विचारता, येरवड्याच्या तुरुंगात निकालाची नक्कल आपल्या हाती पडलीच नाही, असे त्याने सांगितले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचा अर्ज फेटाळला. त्याचा गुन्हा त्यांस क्षम्य वाटला नाही. पण त्याच निकालात त्यांनी ठरवून दिले की, कैद्यास निकालाची नक्कल विनामूल्य व वेळेवर मिळालीच पाहिजे, आणि अपिलासाठी वकील करण्याची ऐपत नसेल तर तो सरकारने दिला पाहिजे. हरलेल्या माणसाच्या खटल्याने पुढच्या हजारोंस हक्क मिळवून दिला, अशी उदाहरणे कायद्याच्या इतिहासात थोडी नाहीत. १९८३ मध्ये शीला बर्से या पत्रकार महिलेने मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांच्या हालांविषयी लिहिलेल्या पत्रावरून त्याच न्यायालयाने असा आदेश दिला की, कोणासही अटक होताच पोलिसांनी जवळच्या कायदेविषयक साहाय्य समितीस कळवावे. आणि १९८६ मध्ये, आरोपीने वकील मागितला नाही एवढ्यावरून तो हक्क बुडत नाही, हेही ठरले. ज्यास हक्क आहे हेच ठाऊक नाही, तो मागणार कसा?

या तत्त्वाची अत्यंत कठोर परीक्षा २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर झाली. सरकारतर्फे काम चालविणारे उज्ज्वल निकम हे जळगावचे. त्यामुळे तो खटला खानदेशात घरोघर चर्चिला गेला. त्या मानाने बचावाच्या बाजूविषयी बोलणे कमीच झाले. जिवंत पकडलेल्या अजमल कसाबचे वकीलपत्र घ्यावयाचे नाही, असा ठराव मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने केला. ज्या वकील बाईंनी कोर्टाची नेमणूक स्वीकारली त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. तरीही कोर्टाने त्यास वकील दिले, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांच्यासारखे ज्येष्ठ वकील दिले, आणि त्यानंतरच फाशी कायम झाली. पण त्याच पिंजऱ्यात आणखी दोघे होते, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. हल्ल्याच्या जागांचे नकाशे त्यांनी पुरविले, असा आरोप होता. मेलेल्या हल्लेखोराच्या खिशात सापडला म्हणून जो नकाशा हजर करण्यात आला, त्यावर रक्ताचा डाग नाही आणि कागद चुरगळलेलाही नाही, हे अन्सारीचे वकील शाहिद आझमी यांनी दाखवून दिले. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील आपल्या कचेरीत आझमींचा गोळ्या घालून खून झाला. मे महिन्यात निकाल लागला तेव्हा कसाबला फाशी झाली आणि हे दोघे सुटले. वरच्या दोन्ही न्यायालयांनी ती सुटका कायम ठेवली. ज्या निकालाने त्याच कोर्टात एकास फाशी दिली, त्यानेच दोघांस मोकळे केले. बचावाच्या वकिलाचे काम नेमके काय, ते येथे दिसते. गुन्हा घडलाच नाही असे त्यास सांगावयाचे नसते; सरकारने पुढे केलेला प्रत्येक कागद उजेडासमोर धरून पाहावयाचा असतो.

कसाबच्या अपिलाच्या निकालात, २९ ऑगस्ट २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने देशातील सर्व मॅजिस्ट्रेटांस बजावले की, आरोपी पहिल्यांदा समोर आणला जाईल त्याच वेळी त्यास वकिलाचा हक्क आहे हे सांगावे, आणि ऐपत नसल्यास तो सरकारी खर्चाने द्यावा; यात कसूर करणाऱ्या मॅजिस्ट्रेटाची खातेनिहाय चौकशी होऊ शकेल. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहिता जाऊन नव्या आल्या. योगायोग असा की, वकिलामार्फत बचावाचा हक्क नव्या संहितेतही ३४० व्याच कलमात आला आहे, १८९८ मध्ये होता तेथेच. त्याच्या लगतच्या ३४१ व्या कलमात मात्र सरकारी खर्चाच्या वकिलाची तरतूद आहे, जी जुन्या कायद्यात नव्हती. शिवाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या कोणाही माणसास, त्याचे उत्पन्न न पाहता, फुकट वकील मिळू शकतो. त्यासाठी जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो, आणि तो तुरुंगातूनही करता येतो.