हजाऱ्यांची शतके आणि संघाचा जय

एखाद्या खेळाडूच्या पराक्रमाचे मोल कशावरून ठरवावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. आमच्या रत्नागिरीत चार जाणती माणसे क्रिकेटविषयी बोलू लागली, की विषय सचिन तेंडुलकर यांच्या शतकांवर येतोच, आणि मग कोणीतरी १९९९ सालच्या चेन्नईच्या कसोटीची आठवण काढून विचारतो, "१३६ धावा केल्या खऱ्या, पण १२ धावांनी हरलोच ना?" हा आक्षेप नवा नव्हे. घाटापलीकडील सांगलीस १९१५ साली जन्मलेले विजय हजारे यांच्या कारकीर्दीस तो अधिकच कठोरपणे लावता येईल. आणि त्या घटनांस आता पुष्कळ काळ लोटला असल्यामुळे त्यांचा विचार रागलोभ बाजूस ठेवून करणे शक्य आहे.

प्रथम आक्षेपकाची बाजू पाहू. हजारे तीस कसोटी सामने खेळले आणि त्यांत त्यांनी सात शतके केली. त्यांपैकी दोन पराभूत सामन्यांत पडली, चार अनिर्णित सामन्यांत, आणि जयाच्या सामन्यात अवघे एक. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. परंतु त्या सामन्यातील शतके पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांची, आणि बारा बळी विनू मंकड यांचे. हा हिशेब पुढे ठेवला म्हणजे हजारे यांनी धावांची रास घातली, पण संघाच्या पदरात फारसे काही पडले नाही, असे म्हणावयास कोणासही हरकत वाटणार नाही.

पण हिशेबाच्या वहीत जे उतरत नाही, तेही पाहिले पाहिजे. जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेड येथे ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर उभा केला. उत्तरादाखल भारताने ३८१ धावा केल्या. त्यांत हजारे यांच्या ११६ व दत्तू फडकर यांच्या १२३. फॉलोऑन पत्करून दुसरा डाव सुरू झाला, तो एकही धाव लागण्यापूर्वी दोन गडी बाद झाले. लिंडवॉलने त्या डावात सात बळी घेतले आणि सहा भारतीय खेळाडू शून्यावर परतले. अशा पडझडीत हजारे यांनी १४५ धावा काढल्या; त्यांच्याखेरीज पन्नाशी ओलांडणारे हेमू अधिकारी तेवढे एकटे. भारत एक डाव व १६ धावांनी हरला. दोन्ही डावांच्या ६५८ धावांपैकी २६१, म्हणजे जवळजवळ दोन पंचमांश, एकट्या हजारे यांच्या होत्या. या पराजयाचे खापर त्या शतकांवर फोडणे म्हणजे पूर आला म्हणून बांधास दोष देण्यासारखे आहे.

याहूनही विलक्षण उदाहरण त्याआधीचे, डिसेंबर १९४३ मधील पंचरंगी सामन्याचे. मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर हिंदू संघाने पाच गडी बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. 'रेस्ट' संघ पहिल्या डावात १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात त्या संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांपैकी ३०९ हजारे यांच्या. बंधू विवेक यांच्यासह त्यांनी ३०० धावांची भागी केली, तीत विवेक यांचा वाटा अवघा २१ धावांचा. तरीही डावाने पराभव झालाच. मर्चंट यांच्या शतकास संघाची जोड मिळाली, हजारे यांच्यास मिळाली नाही, इतकेच यावरून सिद्ध होते.

जयापजयाची ही कसोटी किती तकलादू आहे, हे फेब्रुवारी १९४९ मधील मुंबईच्या सामन्यावरून कळते. वेस्ट इंडीजविरुद्ध भारतास विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. हजारे यांनी १२२ व रुसी मोदी यांनी ८६ धावा करून ते लक्ष्य आटोक्यात आणले. परंतु आणखी एका षटकापुरता वेळ उरला असताना पंचांनी खेळ थांबविला. भारताच्या धावा आठ बाद ३५५. आणखी सहा धावा निघत्या, तर हेच शतक पहिल्या कसोटी विजयाचे शतक म्हणून तीन पिढ्यांनी गौरविले असते. जे शतक करणारा बाद होऊन तंबूत परतल्यावर घडले, त्यावरून त्याच्या खेळाची प्रत कशी ठरावी?

मात्र एवढ्यावरून प्रत्येक शतक निर्दोष मानणे हाही अन्यायच. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीस सदू शिंदे यांनी सहा बळी घेऊन इंग्लंडला २०३ धावांत गुंडाळले. मर्चंट १५४ आणि हजारे नाबाद १६४ यांच्या बळावर भारताने सहा बाद ४१८ केल्या. परंतु हा डाव इतक्या संथपणे चालला, की पुढे इंग्लंडला बाद करण्यास वेळ अपुरा पडला. वॉटकिन्स खिंड लढवीत राहिला आणि सामना हातचा निसटला. डाव केव्हा सोडावयाचा हे ठरविणारे कर्णधारही हजारेच होते. येथे आक्षेपकाचे म्हणणे मान्य करणे भाग आहे.

मग शतकाचा उपयोग पाहावा तरी कसा? माझ्या मते, फलंदाज मैदानात आला तेव्हा संघ कोठे होता आणि त्याच्या खेळाने तो कोठे पोहोचला, हे पाहावे. वेळ हाताशी असता त्याने तो राखला की दवडला, हेही पाहावे. धावा पराजय लांबवितात, विजयाची वाट मोकळी करतात. परंतु प्रतिपक्षाचे वीस गडी बाद करण्याचे काम गोलंदाजांचेच. नोव्हेंबर १९५२ मध्ये मुंबईस पाकिस्तानचा पहिला डाव १८६ धावांत संपला, तेव्हा हजारे यांच्या नाबाद १४६ धावा भारताच्या दहा गड्यांनी झालेल्या विजयास उपयोगी पडल्या. अॅडलेडच्या शतकांमागे असे गोलंदाजीचे पाठबळ नव्हते. म्हणून हजारे यांच्या खात्यातून काही वजा करावयाचेच असेल, तर दिल्लीचे काही अंश खुशाल वजा करावे. अॅडलेडचे करू नये.