जुना व्हीसीआर नव्या टीव्हीला कसा जोडायचा? माळ्यावर सापडलेली कॅसेट लावण्याआधी हे वाचा

गणपतीला मुंबईहून चाकरमानी गावी येतात. बंद घर उघडतं, माळा झाडला जातो आणि कुणाच्या तरी हाताला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक काळी कॅसेट लागते. वर बॉलपेनने लिहिलेलं असतं, 'लग्न, मे १९९१'. त्या लग्नात नाचलेली आत्या आता थकलेली असते, आजोबा तर राहिलेलेच नसतात. शेजारच्या खोक्यात व्हीसीआरही निघतो. समोर भिंतीवर मोठा टीव्ही आहेच, मग लगेच लावून बघू, असं घरातल्या सगळ्यांनाच वाटतं.

नेमकं तेच करू नये. भाद्रपदात महाड-पोलादपूरच्या हवेत ओल भरलेली असते आणि ओल ही व्हिडिओ टेपची सगळ्यात मोठी शत्रू. चुकीच्या दिवशी, चुकीच्या मशिनात घातलेली कॅसेट एकदाच चालते आणि तुटते. त्यामुळे वायरी कुठे लावायच्या हे सांगण्याआधी कॅसेटबद्दल बोलायला हवं.

आधी कॅसेट बघा

व्हीएचएस कॅसेटला वरून दोन खिडक्या असतात. उजेडात धरून त्यातून टेपची गुंडाळी बघावी. ती काळी, तुकतुकीत आणि सपाट दिसली तर ठीक. गुंडाळीवर पांढरे ठिपके, कापसासारखे तंतू किंवा भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट मशिनात अजिबात घालू नये. बुरशी मशिनाच्या हेडला लागते, चित्र जातं आणि त्यानंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही ती चिकटते. एका खराब कॅसेटपायी घरातल्या बाकीच्या सगळ्या जाऊ शकतात.

महाडात आणखी एक प्रकार आढळतो, चिखलाचा. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर तालुक्यातून महाडकडे येते. वर घाटमाथ्यावर कोसळलेलं पाणी खाली शहरात यायला फार वेळ लागत नाही. २२ जुलै २०२१ ला असाच पाऊस झाला. महाड शहराचे तळमजले पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली. त्याआधी जुलै २००५ मध्येही महाड तालुक्याने पूर आणि दरडी दोन्ही पाहिल्या होत्या. असल्या पुरातून वाचलेल्या कॅसेटच्या आत गाळाची बारीक पूड वाळून बसलेली असते. हात लावला तर जाणवतही नाही, पण टेपसाठी ती पॉलिश पेपरच. व्हीसीआरमधला हेडचा ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या मारतो. त्या वेगात गाळाचा एक कण टेपवर सबंध लांबीची रेघ मारू शकतो.

गाळ किंवा बुरशी असलेली कॅसेट घरी दुरुस्त करायची नसते. अशा टेपा साफ करून देणारे मुंबई-पुण्यात आहेत. ते खालचे पाच स्क्रू काढून टेपच्या दोन्ही चकत्या बाहेर घेतात, टेप साफ करतात आणि दुसऱ्या कॅसेटच्या कोऱ्या खोक्यात बसवतात. उन्हात ठेवणं आणि हेअर ड्रायर मारणं, हे दोन घरगुती उपाय मात्र हमखास नुकसान करतात. उष्णतेने टेप आकसते आणि तिच्या कडा वळतात.

कॅसेट स्वच्छ असेल तर एकच छोटं काम करायचं. मागच्या कडेला डावीकडे प्लास्टिकची एक पातळ टिकली असते. ती स्क्रू ड्रायव्हरने मोडून टाकावी. टिकली नसेल तर मशीन त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करतच नाही. घाईत 'प्ले'ऐवजी लाल बटण दाबलं गेलं की लग्नाच्या जागी मुंग्या येतात, आणि पुसलेलं परत येत नाही. टिकलीच्या जागी कुणी चिकटपट्टी लावली असेल तर तीही काढावी. चिकटपट्टी लावली की मशिनाला टिकली शाबूत आहे असंच वाटतं.

मशीन कुठलं, कुठून आलेलं?

एकेकाळी सगळ्या गावात एक व्हीसीआर असणं हीदेखील मिजास होती. पूजेला, बारशाला वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि रात्रभरात तीन पिक्चर उरकायचे, ही रीत महाराष्ट्रात गावोगाव होती. घरचं मशीन बहुतेक करून आखाती देशातून यायचं. कोकणातली अनेक कुटुंबं तिकडे नोकरीला होती आणि आहेत. नुसती चालवायची सोय असलेल्या, रेकॉर्डिंग नसलेल्या मशिनाला व्हीसीपी म्हणतात. जोडणीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

मशीन कुठून आलं याला आजही महत्त्व आहे. मागच्या पट्टीवर व्होल्टेज लिहिलेलं असतं. २२० ते २४० असेल तर थेट लावता येतं. जपानच्या बाजारातलं मशीन १०० व्होल्टचं आणि अमेरिकेतलं १२० व्होल्टचं असतं. ते आपल्या प्लगमध्ये थेट घातलं तर धूर निघतो. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो.

दुसरी भानगड चित्राच्या पद्धतीची. भारतात पॅल पद्धत आहे, म्हणजे ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रं. दुबई, कुवेतकडेही पॅलच. अमेरिकेत आणि जपानात एनटीएससी, तिथल्या रेघा ५२५. त्यामुळे अमेरिकेतल्या मामाने पाठवलेली कॅसेट फक्त पॅल चालवणाऱ्या मशिनात घातली तर चित्र सरकत राहतं. सौदीत सेकॅम पद्धत होती. तिथलं रेकॉर्डिंग पॅल मशिनात चालतं, पण बऱ्याचदा काळंपांढरं दिसतं. कॅसेट खराब झाली असं समजून ती टाकून देऊ नये. 'मल्टी सिस्टीम' असं लिहिलेलं मशीन मिळालं तर रंग परत येतात.

आता वायरी

व्हीसीआरच्या मागे दोन तऱ्हेची भोकं असतात. एक तऱ्हा अँटेनाच्या वायरीची, 'आरएफ आउट' लिहिलेली. दुसरी गोल पिनांची, 'व्हिडिओ आउट' आणि 'ऑडिओ आउट'. इथे 'आउट' हाच शब्द बघायचा. शेजारी तशीच दिसणारी 'इन'ची भोकं असतात आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. व्हीसीआरच्या 'आउट'मधून निघालेली वायर टीव्हीच्या 'इन'मध्ये जाते.

गोल पिनांमध्ये पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. जुन्या मशिनाला आवाजाचं एकच भोक असतं. तिथे पांढरी लावायची, लाल मोकळी सोडायची. टीव्हीलाही तिन्ही रंगांची भोकं असतील तर रंगाला रंग जोडला की काम झालं. काही टीव्हीवर पिवळ्याऐवजी हिरवं भोक असतं आणि त्याच्या कडेला पिवळी खूण. तेच चित्राचं भोक समजावं.

अलीकडच्या पातळ टीव्हीवर गोल भोकंच नसतात. त्याऐवजी हेडफोनसारखं बारीक 'एव्ही इन' भोक असतं. त्यासाठी एका टोकाला बारीक जॅक आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांची भोकं असलेली छोटी वायर लागते. दुकानात ती स्वस्तात मिळते, पण सगळ्या कंपन्यांच्या आतल्या जोडण्या सारख्या नसतात. वायर लावूनही चित्राऐवजी घरघर ऐकू आली तर पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्यात घालून बघावी. त्याने काही जळत नाही.

आणि टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर मध्ये एक डबी लागते. विकत घेताना तिच्यावर 'एव्ही टू एचडीएमआय' लिहिलंय ना, हे वाचूनच घ्यावी. 'एचडीएमआय टू एव्ही' ही डबी दिसायला हुबेहूब तशीच असते, पण उलटं काम करते. डबीला वीजही लागते. टीव्हीच्या यूएसबीमधून किंवा मोबाइलच्या चार्जरने ती देता येते.

पोलादपूरकडच्या एखाद्या घरात अजून जुना डब्बा टीव्ही असेल आणि त्याला फक्त अँटेनाचं भोक असेल, तरी चालतं. व्हीसीआरच्या 'आरएफ आउट'मधून टीव्हीच्या अँटेनाला वायर लावायची, कॅसेट 'प्ले' करून ठेवायची आणि टीव्हीवर चॅनेल शोधत जायचं. व्हीसीआर स्वतःच एका बारक्या प्रक्षेपण केंद्रासारखं एका ठरलेल्या चॅनेलवर चित्र सोडतो. ते सापडलं की नंबर साठवून ठेवायचा.

वायरी लागल्या की रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून 'एव्ही' किंवा योग्य एचडीएमआय निवडायचं. हे राहून गेलं की माणसं तासभर वायरी हलवत बसतात.

चित्र आलं, पण...

चित्रात आडवे पांढरे पट्टे फिरत असतील तर व्हीसीआरवरचं 'ट्रॅकिंग' हळूहळू फिरवावं. प्रत्येक मशिनाचं हेड थोडं वेगळं बसलेलं असतं, म्हणून दुसऱ्या मशिनावर भरलेल्या कॅसेटला हे करावंच लागतं. सगळ्याच कॅसेटवर मुंग्या असतील तर हेड मळलंय. कापसाची काडी तिथे नेऊ नये, तंतू अडकून हेड तुटतं. माहीतगार माणसाकडूनच ते साफ करून घ्यावं. माणसं जाडी दिसत असतील तर टीव्हीचं चित्र ४:३ वर आणावं. त्या काळचा पडदा जवळजवळ चौकोनी होता.

मशीन चालूच होत नसेल आणि 'ड्यू' असं काही दिसत असेल तर ते बिघडलेलं नाही. ड्रमवर दव धरलंय हे ते सांगतंय. ओल्या ड्रमला टेप चिकटते, म्हणून ते स्वतःच थांबतं. वीज चालू ठेवून दोन-तीन तास तसंच राहू द्यावं. ज्या जुन्या मशिनात ही सोय नाही ते पावसाळ्यात लावूच नये. दिवाळीनंतरची कोरडी हवा त्यासाठी बरी.

कॅसेट चालू असताना लाईट गेली तर झाकणातून ओढून काढायला जाऊ नये. टेप त्या वेळी ड्रमभोवती गुंडाळलेली असते. लाईट आल्यावर मशीन ती आपोआप आत घेतं.

आणि पहिल्यांदा लावतानाच कॉपी करून घ्यावी. व्हीसीआर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये यूएसबी कॅप्चर कार्ड लावलं की कॅसेट बघता बघता फाइल तयार होते. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात, लवकर उरकायची युक्ती नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. सुटे भाग आता जुन्या मशिनांतूनच काढावे लागतात. तयार झालेली फाइल एका पेन ड्राइव्हवर गावी आणि दुसरी प्रत मुंबईच्या घरी ठेवावी. मूळ कॅसेट पुस्तकासारखी उभी, वरच्या मजल्यावर, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात राहू द्यावी.