दोन्ही दारं एकदम उघडणारं इंजिन

पुण्यात, साताऱ्यात किंवा नाशकात तुमचे आजी-आजोबा राहत असतील, तर त्यांच्या पार्किंगच्या कोपऱ्यात एक जुनी बजाज स्कूटर उभी असण्याची शक्यता बरीच आहे. वर धूळ, टायर बसलेले, सीटला भेग. तुम्ही सुट्टीत गेलात की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "मेकॅनिकला दाखवू या, होईल अजून चालू." आणि गंमत म्हणजे बहुतेकदा ती होतेही. वर्षानुवर्षं न हललेलं यंत्र, प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, पन्नासएक किका मारल्या की फटफटायला लागतं. अशा वेळी मनात येतं, असं इंजिन आता का बनवत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर द्यायला इतिहासाबरोबर थोडी मेकॅनिकची नजरही लागते. कारण या इंजिनाचे गुण आणि अवगुण दोन वेगळ्या खात्यांत मांडता येत नाहीत. दोन्ही सिलिंडरला पाडलेल्या त्याच भोकांतून येतात.

विमानवाल्याची स्कूटर

ही गोष्ट इटलीत सुरू होते. तस्कनीमधल्या पोन्तेदेरा गावात पियाज्जो कंपनीचा विमानांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात तो बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर विमानांना गिऱ्हाईक उरलं नाही आणि लोकांना फिरायला स्वस्त वाहन हवं होतं. एन्रिको पियाज्जो यांनी हे काम कोराडिनो डी'आस्कानिओ या अभियंत्याकडे सोपवलं. हा माणूस विमानं आणि हेलिकॉप्टरवाला. मोटरसायकल त्याला मुळीच आवडत नसे. साखळीचं ग्रीस कपड्यांना लागतं, पंक्चर काढणं त्रासाचं, आणि बसायचं तर इंजिनावर टांग टाकून.

म्हणून त्याने इंजिन पायांमधून काढलं आणि मागच्या चाकाच्या शेजारी, उजव्या बाजूला लावलं. इंजिन, गिअर आणि चाक एकाच गठ्ठ्यात, त्यामुळे साखळीची गरजच संपली. गिअर डाव्या हाताच्या मुठीत आले. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं, म्हणजे नट काढले की हातात. २३ एप्रिल १९४६ रोजी पेटंटचा अर्ज दाखल झाला. पहिलं इंजिन ९८ सीसीचं होतं. गाडीचं नाव ठेवलं 'व्हेस्पा', म्हणजे गांधीलमाशी.

तुमच्या घरच्या जुन्या फोटोंकडे आता पुन्हा बघा. पुढे पाय ठेवायच्या जागेत उभं असलेलं पोर, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली साडीतली आजी, कधी पायांपाशी आडवा ठेवलेला गॅसचा सिलिंडर. ही सगळी सोय इंजिन बाजूला सरकवल्यामुळे झाली. किंमतही तिथेच मोजली गेली. गाडीचं वजन कायम उजवीकडे ओढतं, चाकं लहान असतात, आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला की गाडी घसरते. जुन्या स्कूटरवाल्यांच्या गुडघ्यांवरचे व्रण याची साक्ष देतील.

पहिली पंगत, दुसरी पंगत

आता इंजिनाच्या आत डोकावू. चेतकचं इंजिन १४५.४५ सीसीचं, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५७ मिलिमीटर. हलणारे मुख्य भाग मोजायचे तर तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक.

आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनात वर व्हॉल्व्ह असतात, ते वेळेवर उघडायला कॅम असतो, कॅम फिरवायला साखळी असते आणि या सगळ्याला वंगण पुरवायला ऑइलचा पंप असतो. चेतकमध्ये यातलं काही नाही. सिलिंडरच्या भिंतीला भोकं आहेत, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना तीच भोकं झाकतो आणि उघडतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या डब्यात शिरतं. तिथून वर ढकललं जाऊन जळतं. क्रँक डब्यात फिरतच असतो, म्हणून त्याला लागणारं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरमागे साधारण २० मिलिलिटर. क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट मिळतो. फोर-स्ट्रोकला त्यासाठी दोन फेऱ्या लागतात. म्हणून लहान, हलकं इंजिनही चौघांचं बिऱ्हाड ओढतं.

अडचण अशी, की जळलेला धूर बाहेर जायचं दार आणि नवं मिश्रण आत यायचं दार काही क्षण एकदमच उघडी असतात. लग्नातली पंगत आठवा. पहिली पंगत उठत असतानाच दुसरी आत घुसते, आणि दारातल्या रेटारेटीत दुसऱ्या पंगतीतले काही जण न जेवताच बाहेर ढकलले जातात. या इंजिनात तेच होतं. काही पेट्रोल न जळता थेट सायलेन्सरमधून बाहेर जातं. दक्षिण आशियातल्या टू-स्ट्रोक गाड्यांवरच्या अभ्यासांत हे प्रमाण १५ ते ४० टक्के सांगितलं जातं. त्यात पेट्रोलबरोबर जळणारं, अर्धवट जळणारं ऑइल मिळवा. तो निळसर धूर आणि तो ओळखीचा वास म्हणजे हेच.

व्हॉल्व्ह नाहीत म्हणून इंजिन स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं. व्हॉल्व्ह नाहीत म्हणूनच दारं वेळेवर बंद होत नाहीत. एक ठेवून दुसरं काढायचं, तर ते इंजिन चेतकचं राहत नाही.

रांगेतलं प्रेम

भारतात बजाज कुटुंबाच्या कंपनीने १९४८ पासून स्कूटर आणि तीनचाकी बाहेरून आणून विकल्या. १९५९ मध्ये सरकारकडून त्या इथेच बनवण्याचा परवाना मिळाला. पियाज्जोशी करार झाला आणि पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा बनू लागली. १९७१ मध्ये करार संपला. पुढच्याच वर्षी महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन 'चेतक' आली. नाव देशी असलं, तरी इंजिनाची वंशावळ सरळ व्हेस्पाची. साताऱ्यातल्या महाराष्ट्र स्कूटर्समधून निघणारी 'प्रिया' हीसुद्धा याच घराण्यातली.

तेव्हा किती गाड्या बनवायच्या हे कारखाना ठरवत नसे, परवाना ठरवत असे. गाड्या कुणाला कशा मिळणार यासाठी १९६० चा सरकारी नियंत्रण आदेश होता. बजाजला पहिल्या एक लाख गाड्या पुऱ्या करायला १९७० साल उजाडलं. मागणी त्याच्या कितीतरी पुढे. नाव नोंदवायचं आणि थांबायचं, काही वर्षं, कधी दहा वर्षंसुद्धा. जुनी स्कूटर नव्या स्कूटरच्या छापील किमतीपेक्षा महाग विकली जायची. आणि परदेशात राहणाऱ्या तुमच्या-आमच्या आधीच्या पिढीचा यात एक छोटा वाटा होता: परकीय चलनात पैसे भरले तर रांग टाळता येत असे. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या काकांनी डॉलर पाठवले म्हणून ज्यांच्या दारात स्कूटर लवकर आली, अशी घरं तुम्हाला नात्यात सापडतील. विचारून बघा.

ही रांग लक्षात ठेवायला हवी, कारण 'लोकांचं चेतकवर प्रेम होतं' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. प्रेम होतंच. पण दुकानात दुसरं फारसं काही नव्हतं, हेही तितकंच खरं. दहा वर्षं वाट पाहून मिळालेली गाडी माणूस जपणारच. रविवारी सकाळी प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं, थंडीत गाडी तिरकी करून किक मारणं, ऐन चौकात तुटलेली क्लचची वायर रस्त्याच्या कडेला बदलणं, यातलं बरंचसं कौतुक त्या वेळी गैरसोय होती. इंजिन सोपं होतं म्हणून ती निभावली, इतकंच. ते गाडीला एका लांब बोल्टने आणि शॉकॲब्सॉर्बरच्या एका बोल्टने धरलेलं असतं. ते आणि वायरी सोडवल्या की अख्खं इंजिन फूटपाथवर. असे फूटपाथवरचे मेकॅनिक गावोगावी तयार झाले. पुस्तक न वाचता, आवाज ऐकून दुखणं सांगणारे. या इंजिनाने दिलेलं हे मोठं देणं आहे.

धुराचा हिशेब

ऐंशीच्या दशकात परवान्यांची पकड सैल झाली. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला कारखाना सुरू झाला, आणि १९८६ मध्ये बजाजने एका आर्थिक वर्षात पाच लाख गाड्या विकल्या. पूर्वी एक लाखाला लागलेला काळ आठवा. १९८९ ची 'हमारा बजाज' ही जाहिरात या भराच्या काळातली.

इथून जुन्या गुणाचा हिशेब उलटा फिरला. गावात शंभर टू-स्ट्रोक असताना वास 'ओळखीचा' वाटतो. शहरात लाखो झाल्या की तीच हवा होते. शिवाय इतक्याच सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन रिक्षालाही होतं, आणि रिक्षा दिवसभर रस्त्यावर असते. इंजिन सीझ होऊ नये म्हणून लोक ऑइल हात सैल सोडून ओतत, त्यामुळे धूर आणखी वाढे. तो धूर कुणी घेतला? स्कूटरवरचं कुटुंब सिग्नल सुटला की पुढे जायचं. चौकातला ट्रॅफिक हवालदार, फूटपाथवरची भाजीवाली आणि स्वतः रिक्षावाले आठ-दहा तास तिथेच असायचे. आपल्या आठवणींच्या फोटोंत ही माणसं नसतात.

१९९१ मध्ये गाड्यांच्या धुराचे पहिले नियम आले, १९९६ आणि २००० मध्ये ते कडक झाले. टू-स्ट्रोकला ते पाळणं अवघड होत गेलं. २००१ मध्ये होंडाची ॲक्टिव्हा आली. फोर-स्ट्रोक, बिनगिअरची, बटण दाबलं की चालू. ज्या बायकांना जड, उजवीकडे कलणारी, किकने चालू होणारी स्कूटर घरातल्या पुरुषांची वस्तू वाटायची, त्यांच्या हाती आता स्वतःची गाडी आली. चेतकला शेवटी फोर-स्ट्रोक इंजिन बसवलं, पण तोवर उशीर झाला होता. २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणंच थांबवत असल्याचं जाहीर केलं. २०१९ मध्ये चेतक हे नाव परत आलं ते विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर. तिच्यात ना पोर्ट, ना धूर.

टू-स्ट्रोकचा एक धागा मात्र तुमच्या देशांपर्यंत पोचला होता. पियाज्जोशी करार करून कानपूरची एलएमएल कंपनी व्हेस्पाच्या धर्तीच्या स्कूटर बनवत असे. २००३ पासून त्याच स्कूटर शिकागोची एक कंपनी 'स्टेला' या नावाने अमेरिकेत विकू लागली, सुरुवातीला टू-स्ट्रोक इंजिनासकट. इथल्या हौशी लोकांना भारतात साध्या वाटणाऱ्या गाडीत जुनी व्हेस्पा सापडली.

मग ती चालू करावी का?

करा, पण डोळे उघडे ठेवून. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, कार्ब्युरेटर साफ करून घ्या आणि कडक झालेली ऑइल सील बदला. आता भारतात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुने रबरी भाग त्यासाठी बनलेले नाहीत. त्यामुळे पाइप आणि वॉशरवर लक्ष ठेवा. पेट्रोलमध्ये ऑइल घालायला विसरू नका, नाहीतर पिस्टन सिलिंडरमध्येच धरून बसेल. आणि मापापेक्षा जास्त घालूही नका. कागदांचंही बघा. २०२१ च्या नियमांनुसार भारतात ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. पहिल्या चेतक आता त्या वयाच्या झाल्या आहेत. लंडनमध्ये धुराच्या नियमांत न बसणारी दुचाकी चालवली तर दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात, पण ४० वर्षांहून जुनी गाडी 'ऐतिहासिक' वर्गात नोंदवली असेल तर सूट मिळते.

ही सूट योग्य आहे, असं आम्हाला वाटतं, कारण अशा गाड्या थोड्या असतात आणि क्वचित चालतात. त्यामुळे महिन्यातून एखाद्या रविवारी आजोबांना मागे बसवून एक फेरी मारा. रोज कॉलेजला मात्र ती नेऊ नका. आणि आजोबा सोबत असताना एक विचाराच: गाडी किती वर्षांनी मिळाली होती, आणि पैसे कुठून आले होते?