संपातली खानावळ

लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीत आई खानावळ चालवायची. कोकणातले, घाटावरचे गिरणी कामगार पाळीप्रमाणे जेवून जायचे, पगार झाला की पैसे द्यायचे. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा पगार थांबला. आईने मात्र कुणाचं ताट बंद केलं नाही. मटण गेलं, सुकट आली. आमटी पातळ झाली, भाकरी तेवढीच राहिली. वाण्याचं व्याज परवडेना. प्रेमा पुरव यांच्या १९७५च्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं होतं, त्यावर चूल पेटती राहिली. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांवर पानंच्या पानं असतात, या बायकांवर दोन ओळी. हे मला खुपतं. गावी परतलेल्या काही कामगारांनी पुढे तांदळाची पोती पाठवून उधारी फेडली.