एक्सेल सागा: वेड्या विनोदाचं डबिंग आणि दोन गळ्यांची गोष्ट

लोकलच्या गर्दीत ज्यांना ऐकता येत नाही त्यांच्यासाठी, नेहमीप्रमाणे, ही आजच्या भागाची संहिता. बोलताना खाल्लेले शब्द भरून काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात हॉस्टेलपासून करतो. थर्ड इयरला असताना लॅनवर कुणीतरी एक फोल्डर शेअर केलं होतं. त्यात एकच ॲनिमे दोन आवाजांत होतं, जपानी आणि इंग्रजी. मी आणि माझ्या रूममेटनं दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले आणि एकच सीन आलटून पालटून लावत बसलो. पडद्यावर सोनेरी केसांची एक मुलगी श्वास न घेता बोलत होती. सबटायटल वाचून होईपर्यंत पुढची तीन वाक्यं निघून गेलेली असायची. मग इंग्रजी लावलं, तर तिथंही तोच वेग! रूममेट म्हणाला, "अरे हिला पाणी द्या रे कुणीतरी!"

आम्ही लोळून हसलो. यात खरंच कुणाच्या तरी घशाचा प्रश्न होता हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. आजची गोष्ट त्याचीच.

फडतूस प्रायोगिक ॲनिमेशन

मालिकेचं नाव 'एक्सेल सागा'. स्प्रेडशीटशी काही संबंध नाही, ऑफिसवाल्यांनी घाबरू नका.

रिकदो कोशी नावाच्या मंगाकारानं १९९६ मध्ये हा मंगा सुरू केला आणि तो २०११ पर्यंत, २७ खंड चालला. ॲनिमे आलं ऑक्टोबर १९९९ मध्ये, टीव्ही टोकियोवर. दिग्दर्शक शिनिची वातानाबे, उर्फ नाबेशिन. मालिकेच्या जपानी नावातच एक शेपूट आहे, त्याचा अर्थ साधारण 'फडतूस प्रायोगिक ॲनिमेशन'. म्हणजे स्वतःच स्वतःला फडतूस म्हणून मोकळे!

कथा सांगतो. ॲक्रॉस नावाची एक गुप्त संघटना आहे, तिला जग जिंकायचंय. पण एकदम जग कसं जिंकणार? म्हणून आधी एक शहर जिंकू. संघटनेचा प्रमुख इल पालाझ्झो, आणि कर्मचारी सुरुवातीला एकच, एक्सेल. नुकती शाळा संपवून आलेली, साहेबांवर जीव ओवाळून टाकणारी. साहेबांना तिची बडबड नको झाली की ते दोरी ओढतात आणि ती थेट खड्ड्यात पडते. नंतर दुसरी कर्मचारी येते, हयात. ती बोलता बोलता रक्त ओकून मरते आणि थोड्या वेळानं परत उठते. एक्सेल स्वतःही पहिल्याच भागात मरते, पण 'विश्वाची महान इच्छा' नावाचं एक पात्र येऊन कथा रिसेट करतं. आम्ही कोडवाले याला रोलबॅक म्हणतो.

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला खुद्द रिकदो कोशी पडद्यावर येऊन परवानगी देतो: आज माझ्या मंगाची साय-फाय करा, आज प्रेमकथा करा, आज भयपट करा. आणि मग तो भाग त्या त्या प्रकाराची यथेच्छ टिंगल करतो. पहिल्या भागात तर एक्सेलला मोहीम मिळते ती रिकदो कोशीलाच मारण्याची! दिग्दर्शक नाबेशिनही मोठा ॲफ्रो आणि लाल जॅकेट घालून मालिकेत फिरतो, 'ल्युपिन तिसरा'ची नक्कल करत. शेवटचा, २६वा भाग तर टीव्हीवर दाखवताच येणार नाही असा मुद्दाम बनवला. तो प्रसारित झालाच नाही, फक्त व्हिडिओवर आला.

हसण्याच्या खाली भूक

पण हा सगळा नुसता धिंगाणा नाही. काळ बघा. नव्वदच्या सुरुवातीला जपानचा आर्थिक फुगा फुटला. कंपन्यांनी नवी भरती आखडली. शिकून बाहेर पडलेल्या पोरांना पक्की नोकरी मिळेना, मग आज या दुकानात, उद्या त्या गोदामात अर्धवेळ कामं करायची. अशा तरुणांसाठी जपानीत 'फुरीता' हा शब्दच रुळला.

आता एक्सेलकडे परत या. ती जग जिंकणाऱ्या संघटनेत आहे, पण खायला पैसे नाहीत. भाड्याची छोटी खोली, पोटासाठी मिळेल ते काम. तिनं एक कुत्रा पाळलाय, तोही माया म्हणून नाही, अडचणीच्या वेळी खायचा म्हणून. त्याचं नाव मेंची. जपानीत मेंची म्हणजे खिमा. आपण कुत्र्याला 'ए खिम्या, इकडे ये' अशी हाक मारली तर कसं वाटेल? आणि शेवटच्या गाण्यात हा मेंची 'मला खाऊ नका' म्हणून भुंकून विलाप करतो, शेजारी एक बाई त्याचं भाषांतर करत असते.

साहेबांसाठी मरायला तयार असलेली, खड्ड्यात पडून परत 'होय महाराज' म्हणत वर येणारी, आणि रात्री उपाशी झोपणारी कर्मचारी. १९९९ च्या जपानी तरुणाला यात काय दिसलं असेल ते वेगळं सांगायला नको.

ह्यूस्टनमध्ये काय झालं

अमेरिकेत ही मालिका आणली एडीव्ही फिल्म्सनं. टेक्सासमधल्या ह्यूस्टनची कंपनी, १९९२ मध्ये काही ॲनिमेवेड्या मित्रांनी काढलेली. २००२ पासून एक्सेल सागाच्या डीव्हीडी येऊ लागल्या.

आता अडचण समजून घ्या. विडंबन हसवतं कधी? मूळ गोष्ट माहीत असेल तेव्हा. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं 'झेंडूची फुले' लिहिलं, त्यात त्या काळच्या कवींची टोपी उडवली. ते कवी ज्याने वाचलेच नाहीत, त्याला निम्मा विनोद कळत नाही. एक्सेल सागाचं दुखणं याहून मोठं. मालिकेतलं शहर 'एफ' म्हणजे फुकुओका. ॲक्रॉस हे तिथल्या एका खऱ्या इमारतीचं नाव. इल पालाझ्झो आणि हयात ही तिथल्या हॉटेलांची नावं. समजा कोल्हापूरच्या एखाद्या कॉमिकमध्ये जग जिंकायला निघालेल्या टोळीची नावं तिथल्या लॉजांवरून ठेवली, तर कोल्हापूरकर वाचतानाच फुटेल. पण टेक्सासच्या पोरानं कुठं हसायचं?

आणखी एक थर आवाजाचा. जपानीत एक्सेलचा आवाज कोतोनो मित्सुइशी यांचा. याच बाई 'सेलर मून'च्या नायिकेचा आवाज, याच 'इव्हँजेलियन'च्या मिसातोचा. म्हणजे देशभर ओळखीचा, लाडका आवाज इथं कुत्रा खायच्या गोष्टी करतोय! हा विनोद संवादात नाहीच, तो प्रेक्षकाच्या आठवणीत आहे. त्याचं भाषांतर कसं करणार?

मला वाटतं अशा वेळी तीन वाटा असतात. एक, विनोद समजावून सांगा. दोन, विनोद बदलून आपल्या मातीतला टाका. तीन, शब्द निसटले तरी चालतील, वेग आणि सूर सोडू नका.

एडीव्हीनं पहिली वाट डीव्हीडीवर दिली. एक सोय चालू केली की पडद्यावर छोट्या चौकटी उमटायच्या: हा अमुक मालिकेचा संदर्भ, ही तमुक गोष्टीची टिंगल. माझ्यासारख्या माणसाला हा खजिनाच, मी थांबवून थांबवून वाचल्या. पण समजावलेल्या जोकवर माणूस मान डोलावतो, हसत नाही.

दुसरी वाट आपल्याला चांगली ठाऊक आहे. पु.लं.नी शॉचं 'पिग्मॅलियन' मराठीत 'ती फुलराणी' म्हणून आणलं, तेव्हा लंडनची बोली भाषांतरित करत बसले नाहीत, फुलराणीच्या तोंडी इथली बोली दिली. एडीव्हीनंही ही वाट पुढे धरली, पण भलत्याच मालिकेत. 'घोस्ट स्टोरीज' ही जपानची मुलांसाठीची, सरळ भुताखेतांची २० भागांची मालिका. २००५ मध्ये तिचं इंग्रजी करताना दिग्दर्शक स्टीव्हन फॉस्टरनं भुतं आणि कथेचा सांगाडा ठेवला आणि संवाद जवळपास नव्यानं लिहिले, तेही अत्यंत वाह्यात. इंटरनेटवर तुम्ही ज्या क्लिप बघता त्या याच. त्यातले काही जोक आज ऐकताना अंगावर येतात, पण प्रसिद्धी त्याच डबला मिळाली.

गंमत बघा, एकच कंपनी. गंभीर मालिकेचं तिनं विडंबन केलं, आणि जी मुळातच विडंबन होती तिच्याशी मात्र इमान राखलं. मला हे बरोबर वाटतं. मूळ माणूसच जर डोक्यावर उभा राहून नाचत असेल, तर भाषांतरकारानं वेगळा नाच करायची गरज नसते. त्याच तालावर नाचलं तरी पुरे. पण तो ताल पकडायचा कुणी? एका माणसानं. माइकसमोर. एकटीनं.

बूथमधली एकटी बाई

जपानमध्ये बहुतेक ॲनिमेचे कलाकार एका खोलीत, हातात संहिता घेऊन, एकत्र रेकॉर्ड करतात. समोरच्यानं टाकलेला टप्पा तिथल्या तिथं उचलता येतो. अमेरिकेत बहुतेक वेळा एकेक कलाकार एकटा बूथमध्ये जातो. पडद्यावर चित्र, कानात तीन बीप, आणि चौथ्या ठोक्याला वाक्य सुरू. वाक्य चित्रातल्या ओठांच्या हालचालीत बसलंच पाहिजे.

त्यात भाषेचा फरक. जपानी अक्षरं आपल्या बाराखडीसारखी सुटसुटीत, का, की, कू. जीभ भराभर उड्या मारते. इंग्रजीत व्यंजनांचे गठ्ठे असतात. 'स्ट्रेंग्थ्स' हा शब्द पाच वेळा पटापट म्हणून बघा. आता हेच वरच्या पट्टीत, ओरडत, तासन् तास करायचं. साधं बोलताना बाईच्या स्वरतंतूंची एकमेकांवर सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा थाप पडते. पट्टी वर गेली की आकडा वाढतो, आवाज मोठा केला की थाप जोरात बसते. मी चाळीस मिनिटं बोललो तरी माझा घसा बसतो, आणि मी तर खुर्चीत बसून गप्पा मारतोय.

इंग्रजी एक्सेल होती जेसिका कॅल्व्हेलो. पहिले १३ भाग तिचे. मित्सुइशींची नक्कल न करता तिनं तोच वेडेपणा इंग्रजीत उभा केला. पण त्या पट्टीत, त्या वेगात काम करताना तिच्या स्वरतंतूंना इजा झाली. १४व्या भागापासून लॅरिसा वोलकॉट आली.

लॅरिसाचा विचार करा जरा. चालू प्रोजेक्ट, निम्मं दुसऱ्यानं लिहिलेलं, युजरला जुनंच आवडतंय, आणि डेडलाइन तीच. ज्यांनी कुणाचं कोड मध्यावर ताब्यात घेतलंय त्यांना माहितेय. आवाज बदललाय हे पहिल्या मिनिटात कळतं, आणि तिच्यावर तेव्हा टीकाही झाली. पण मी परत सलग बघितलं, तर दोन-तीन भागांत कान रुळतो. ती धावतेय, दमली तरी थांबत नाही. एक्सेलला तेच तर हवं.

मग कुठलं बघायचं?

बारकावे मोजले तर जपानी वरचढ, प्रश्नच नाही. पण इंग्रजीत काही गोष्टी आपल्याला अमेरिकनांपेक्षा जास्त भावतात. हयात एक्सेलला 'सेनपाई' म्हणते. इंग्रजीत केलं 'सिनियर एक्सेल'. अमेरिकन कानाला हे अवघडलेलं वाटतं. आपल्याला? आपण इंजिनिअरिंगला चार वर्षं 'सिनियर' हाच शब्द त्याच भीतीयुक्त आदरानं वापरलाय! आणि सुमियोशी नावाचं पात्र तर बोलतच नाही, त्याचे शब्द हवेत लिहून येतात. डबिंगच्या जगातला सगळ्यात सुखी माणूस तोच.

माझी पिढी २००६ पासून शिनचॅनला हिंदीत बोलताना ऐकत मोठी झाली. त्याचं हसू आमचं झालं, पण बूथमध्ये कोण होतं हे आम्ही कधी विचारलं नाही. एक्सेल सागामुळे मला ती सवय लागली. आता मी श्रेयनामावली पळवत नाही.

आणि हो, शेवट कडू नाही. जेसिका कॅल्व्हेलोचा आवाज परतला. 'अटॅक ऑन टायटन'च्या इंग्रजी डबमध्ये टायटन दिसला की वेड्यासारखी किंचाळणारी हांजी आठवतेय? ती हीच. एडीव्ही मात्र २००९ मध्ये बंद झाली. कंपनी गेली, आवाज राहिला.

आज रात्री एक काम करा. कुठल्याही डबचं शेवटचं क्रेडिट थांबवून एक नाव वाचा आणि मला कळवा. तेवढंच. मी पाणी पितो, तुम्हीही प्या. भेटू पुढच्या भागात!